मानेपर्यंत मुरूम

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "आजी, बागकामातले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणाले. कुणालाही हो म्हणायची मला खोडच आहे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म काढला, आणि तिथे लाइन मेलेली आहे हे माहीत असलं तरी आधी "हो, लावून देते" म्हणायची शिस्त होती. आता लिहायला बसले तर दिसतंय की आमच्या कामातली गंमत वरच्या चार बोटांत आहे. त्याखाली खणलं की मुरूम लागतो. तर वरची चार बोटं आधी घ्या.

काम असं. आम्ही सात-आठ बाया, आणि पुरुषांपैकी जो कुणी त्या आठवड्यात घरच्यांना नकोसा झाला असेल तो, शनिवारी सकाळी खुरपी, घमेलं आणि पाण्याचा मग घेऊन निघतो. ज्यांनी बोलावलं असेल त्यांच्या अंगणात जातो. पैसे घेत नाही, चहा घेतो. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका सरांनी एका उन्हाळ्यात आम्हाला शिकवलं, तेवढ्या शिदोरीवर कितीतरी वर्षं चालली. मंडळाला एक छानसं संस्कृत नाव आहे, ते आमच्याही लक्षात राहत नाही. वाडीच्या अलीकडे, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला जे लेआउट आहेत, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या, तिथे आम्हाला सगळे "पाचोळ्यावाल्या" म्हणतात. माझी नात म्हणते, "आजी, तू रिटायर झाल्यावर कचऱ्यात पडलीस."

शिकवतो काय, तर अगदी साधं. नागपूरची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर मनगटापर्यंत जातो. ती उघडी ठेवली की मेली. म्हणून तिच्यावर अंथरूण घालायचं. झाडाचा पाचोळा, कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्यांतून निघालेलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कूलरमधलं जुनं गवत, जे मिळेल ते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र झाडाला रोज घालायचं नाही, कारण उन्हाळाभर उडून उडून त्यात क्षारच उरतात आणि पानांच्या कडा जळतात. हे ऐकल्यावर प्रत्येक घरात एक गृहस्थ दुखावतो, कारण पाणी वाया न घालवण्याची त्याची तीच एक कमाई असते. छपराचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही, अंगणातच मुरवायचं. आणि झाडाची मान मोकळी ठेवायची.

मान म्हणजे खोड जिथे जरा पसरून जमिनीत शिरतं ती जागा. माणसाच्या मानेइतकीच नाजूक. तिथपर्यंत माती, सिमेंट, फरशी आली की झाड गुदमरतं. ओरडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

हे सांगणारी मी कोण, तर तरुणपणी याच गावात हिरवळ लावलेली बाई. खात्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचे तेव्हा एका मासिकात मी इंग्रजी बंगल्यापुढचं हिरवं लॉन पाहिलं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. पचमढीहून आणलेली गवताची हॅट घालून नागपूरच्या मे महिन्यात मी तासन्‌तास नळी धरून उभी राहायची. सगळ्या क्वार्टर्सची टाकी एकच. वरच्या मजल्यावरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन गॅलरीतून बघत राहायच्या आणि मला वाटायचं, बागेचं कौतुक करून राहिल्या. गुलाबांवर कीड मारायची पांढरी पावडर मी उघड्या हातानं अशी भुरभुरायची, जशी शंकरपाळ्यांवर पिठीसाखर, आणि मग त्याच हातानं पदर सावरायची. त्या बाईनं शनिवारी आम्हाला बोलावलं असतं तर मी फाटकावरूनच परत आले असते.

पण बोलावणाऱ्या बहुतेक तशाच असतात, एवढंच की आता त्यांच्याकडे पैसे जास्त आहेत. एका नव्या बंगल्यात गेलो. बाई हौशी. म्हणाल्या, निसर्गाची फार आवड आहे, पण माती नको, पायाला लागते. अंगणभर प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. एप्रिलच्या अकरा वाजता त्यावर आमच्या शबानाचा पाय पडला आणि तिनं चप्पल घालेपर्यंत जो नाच केला तो मला जन्मभर पुरेल. शबाना म्हणजे आमच्या मंडळातली सगळ्यात तरुण, शिलाईकाम करते, नातवंड नसलेली एकटीच. बाईंनी आम्हाला विचारलं, हे गवत थंड राहावं म्हणून काय करता येईल? शबाना शांतपणे म्हणाली, "मॅडम, इसपे भी कूलर लगा दो." बाई बराच वेळ विचार करत होत्या.

दुसरे आमचे धोटेसाहेब. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. यांचं अंगण म्हणजे ऑपरेशन थिएटर. यांना एकच दुःख, शेजारणीचा कडुनिंब. फाल्गुनात तो पानं गाळायचा आणि अर्धी पानं कुंपणाच्या भिंतीवरून यांच्याकडे यायची. साहेब झाडून जाळायचे. धुरानं गल्ली खोकायची. आम्ही समजवायला गेलो की पानं जाळू नका, आळ्यात टाका. तर म्हणाले, "मॅडम, ही पानं माझी नाहीत. तिची आहेत. मी काहून ठेवू?" मी म्हटलं, मग तिची तिला परत द्या. मी चिडून म्हटलं होतं, पण त्यांना ते कायदेशीर वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पोतं भरायचं आणि भिंतीवरून पलीकडे ढकलायचं. पलीकडून बाईंचा आवाज यायचा, "आलं जी, साहेब."

ती शेजारीण म्हणजे विमल. विमल गजभिये. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, माझ्याच वर्षी रिटायर झाली. मला ताई म्हणते, कारण मी तिच्याहून सहा महिन्यांनी मोठी आहे आणि ती हिशेबाला पक्की आहे. ती परतलेली पोती बघायला म्हणून मी तिच्या फाटकातून आत गेले आणि कडुनिंबाखाली उभी राहिले. बाहेर बेचाळीस असेल तर तिथे वेगळंच गाव होतं. तिच्या नवऱ्यानं, भाऊरावांनी, प्लॉट घेतला तेव्हा घराच्या आधी झाड लावलं होतं. घर कर्जाचं होतं, हळूहळू झालं. झाड मात्र फुकट मिळालेलं, ते भरभर वाढलं. भाऊराव गेले तेव्हा, विमल सांगायची, भेटायला आलेल्यांना बसायला घरात जागा पुरली नाही, पण मांडव घालावा लागला नाही. सगळे झाडाखाली मावले.

आणि साहेबांना ते झाड पाडायचं होतं. कारण दोघांच्या मधल्या भिंतीला भेग. त्यांचं म्हणणं, मुळं भिंतीत शिरली. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, मुळं पाणी ओढतात हे खरं, पण खरा खेळ मातीचा आहे. उन्हाळ्यात माती आक्रसते, पावसात फुगते, भिंत तिच्यावर बसली आहे, ती काय करेल? माती बारा महिने सारखी ओली ठेवा. विमलनं मला विचारलं, "ताई, हे तुमच्यानं होईन का? नाही तर साहेब मले सुखानं जगू देणार नाही."

मी काय म्हणाले असेन ते तुम्हाला माहीत आहे.

आम्ही जीव लावला तिच्या अंगणाला. साहेबांची पोती होतीच, शिवाय कळमन्याहून टेम्पोत तणस आणलं. छपराचे पाइप एका कोपऱ्यात उतरवून तिथे शोषखड्डा केला, विटांचे तुकडे आणि रेती भरून. आणि मुख्य काम, अंगण खाली उतरवलं. वीतभर माती काढून घराकडून झाडाकडे हलका उतार दिला, म्हणजे पावसाचा थेंब फाटकाबाहेर जायला नको. आमचं तेव्हा पाठच केलेलं वाक्य होतं: अंगण रस्त्यापेक्षा खाली ठेवा, आपलं पाणी आपल्या मातीत. हे वाक्य मी शाळांमध्ये, महिला मंडळांमध्ये, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हटलेलं आहे.

दोन उन्हाळे गेले आणि भेग वाढली नाही. साहेब भेगेत पेन्सिल घालून बघायचे. एकदा फाटकाशी थांबवून म्हणाले, "भेग जागच्या जागी आहे." त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे आम्हाला शाल-श्रीफळच. झाड वाचलं. विमलचं अंगण मग आमचं दाखवायचं अंगण झालं. शनिवारी लोक बघायला यायचे, विमल सगळ्यांना चहा पाजायची आणि काडी घालून दाखवायची, बघा, मे महिन्यातसुद्धा माती ओली आहे. आमच्या तीन गल्ल्यांमध्ये बघता बघता बऱ्याच घरांनी फरशी उखडली, अंगणं उतरवली. मला वाटायला लागलं की आपल्या हातून काहीतरी झालं. सत्तरीच्या घरात माणसाला असं वाटणं वाईट. तोल जातो.

मग सिमेंट रोड आला.

नागपूरकरांना मी काय सांगणार. बाहेरच्यांसाठी सांगते. जुना डांबरी रस्ता उखडायचा नाही, त्याच्याच डोक्यावर सिमेंटचा जाड थर टाकायचा, की रस्ता घरांच्या वर जातो. काम सुरू झालं त्या दिवशी आम्ही चौघी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. बिचारा चांगला होता, आम्हाला खुर्च्या दिल्या. मी त्याला गल्लीतली घरं दाखवली, अंगणं दाखवली, पाणी कुठे जाईल ते विचारलं. तो म्हणाला, बाजूनं नाली होणार आहे. कधी? ते दुसरं टेंडर. मग रस्ता तरी थोडा खाली घ्या. तर म्हणाला, "आजी, लेवल वरून येते." मी वर बघितलं. शबाना हसली. मला हसू आलं नाही.

रस्ता झाला तेव्हा विमलच्या फाटकाशी उभं राहिलं तर तो गुडघ्याला लागत होता. फाटक बाहेर उघडेना, आतल्या बाजूला उघडायचं करून घेतलं. नाली झालेली नव्हती, अजूनही झालेली नाही.

जुलैत एका दुपारी दोन तास पाऊस पडला. शबानाचा फोन आला, दीदी, विमलदीदी के यहाँ चलो. आम्ही पोचलो तोवर पाऊस थांबला होता, पण रस्त्यावरचं पाणी थांबलं नव्हतं. तीन गल्ल्यांचं पाणी, ट्रकांच्या गोदामांकडचं काळं तेलकट पाणी, सगळं त्या सिमेंटवरून घसरत येऊन जिथे खोल मिळेल तिथे उतरत होतं. आणि खोल कुठे होतं, तर आम्ही केलेलं होतं. शोषखड्डा केव्हाच भरून उलटा उकळत होता. अंगण भरलं, उंबरा ओलांडला. आम्ही अंथरलेलं तणस आणि पाचोळा पाण्यावर तरंगत बैठकीच्या खोलीत गेला होता, तिथून स्वयंपाकघरात. फ्रिजभोवती कडुनिंबाची पानं गोल फिरत होती. विमल दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर नात, आणि त्या पोरीला मजा वाटत होती. ती बोट दाखवून सांगत होती, झाड घरात आलं.

विमलचा मुलगा प्रशांत बादलीनं पाणी उपसत होता. वेडेपणा होता तो, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा वर होतं, पण पुरुषमाणसाला अशा वेळी हातात बादली लागते. मला बघून तो थांबला. चांगला मुलगा आहे, बँकेत आहे, मला कधी जयभीम केल्याशिवाय पुढे गेलेला नाही. त्या दिवशीही आधी जयभीम म्हणाला. मग म्हणाला, "काकू, अंगण खाली ठेवा हे तुम्हीच सांगतलं होतं ना?"

विमल दिवाणावरून म्हणाली, "रस्ता वर येईन हे तिले का ठाऊक, गा?"

"पण सांगतलं होतं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लुगडं वर खोचून मीही एक पातेलं घेतलं आणि उपसायला लागले.

त्यानंतर आमच्या गल्ल्यांमध्ये मुरुमाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. मुरूम म्हणजे लाल, खडीसारखी माती, भरणीला वापरतात. त्यात पाडलेल्या घरांचा मलबा मिसळून यायचा, चुन्याचे पोपडे, फुटक्या फरश्या, एकदा अर्धं बेसिन. ज्या ज्या घरांनी आमचं ऐकून फरशी उखडली होती, त्या प्रत्येक घरानं अंगण रस्त्याच्या वर आणलं आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. घट्ट, सिमेंट भरून, गवताचं पातं येणार नाही असे. लोक आमच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. शनिवारी आम्ही दिसलो की कुणीतरी फोनवर बोलायला लागायचं, कुणी फाटक पुसायला घ्यायचं. एका बाईनं समजूत घातली, "काकू, तुमचं चूक नव्हतं जी, पण आता पुरे झालं." इतकी वर्षं घालून जे उकरलं होतं ते एका पावसाळ्यात बुजलं.

विमलकडेही भरणी करावीच लागणार होती. मी काय तोंडानं नको म्हणू? पावसाळा अजून दीड महिना शिल्लक होता आणि घरात लहान पोर. मी प्रशांतजवळ एकच मागितलं, झाडाभोवती कडं करू दे. त्याला समजावलं. भरणी खोडाला लागली तर झाड मरेल. म्हणून खोडापासून हातभर लांब विटांचं गोल कडं उभं करायचं, जुन्या जमिनीपासून नव्या जमिनीपर्यंत, सिमेंट न लावता, सांधे उघडे ठेवून. म्हणजे झाड एका उथळ विहिरीत उभं राहील आणि मानेला हवा लागेल. तो लगेच हो म्हणाला. वर म्हणाला, बाबाचं झाड आहे काकू, मी मरू देईन का?

शबाना आणि मी दोघींनी ते कडं रचलं. गुडघे माझे असे बोलत होते की शबानाला वाटलं मीच बोलते. सर फोनवर होते. ते म्हणाले, मान वाचेल, पण अंगणभर पसरलेल्या मुळांवर गुडघाभर मुरूम आणि वर ब्लॉक येणार आहेत, त्यांचं काय? त्यांना श्वास कुठून मिळणार? मग स्वतःच म्हणाले, अर्धा श्वास का होईना, असू द्या. त्या अर्ध्या श्वासावर मी ते वर्ष काढलं.

पुढच्या वर्षी भाऊरावांचा स्मृतिदिन होता. प्रशांतनं फोन करून आग्रहानं बोलावलं, आईसाठी सरप्राइज आहे, सकाळी या. गेले. गल्लीतले सगळे होते, धोटेसाहेबही पांढऱ्या शर्टात. झाडाभोवती निळी साडी गुंडाळून पडदा केला होता. आधी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मग प्रशांतनं विमलच्या हातानं पडदा सोडवला.

कडं नव्हतं. त्याच्या जागी ओटा होता. चकचकीत काळा ग्रॅनाइट, गोल, बसायला बरोबर उंचीचा, आणि खोडापाशी एवढं घट्ट बसवलेलं की गवंड्यानं सालीच्या खाचांतसुद्धा पांढरं सिमेंट बोटानं दाबून भरलं होतं. समोर अक्षरं कोरली होती: स्मृतिशेष भाऊराव गजभिये यांच्या स्मरणार्थ.

विमल रडली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. प्रशांतनं तिला धरून ओट्यावर बसवलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. नातही चढून बसली. प्रशांत मला म्हणाला, "काकू, त्या खड्ड्यात पोरगी दोनदा पडली. आन् आईचे गुडघे दुखते, तिले खाली बसता येत नाही. म्हटलं, बाबाच्या झाडाखाली तिले बसाले जागा करून देऊ." कर्ज काढून केलं होतं त्यानं ते. मला खीर दिली. मी ती खाल्ली. खीर चांगली होती.

आमच्या कामात मी हट्टी माणसं खूप पाहिली, आळशी पाहिली, झाडावर राग काढणारी पाहिली. त्यांच्याशी भांडता येतं. प्रेमानं ओटा बांधणाऱ्याशी कसं भांडायचं ते सरांनी शिकवलं नव्हतं. आमच्या गावात झाडं कुऱ्हाडीनं जितकी मरत नसतील तितकी अशी मरतात. ज्या झाडाची माया त्याला ओटा, ओट्याला फरशी, फरशीवर कुणाचं तरी नाव.

तरी महिन्याभरानं मी गेले. विमल घरात नव्हती, नातीला आणायला गेली होती, ती वेळ मी मुद्दाम धरली. प्रशांतला म्हटलं, खोडाजवळचा वीतभर तरी दगड काढून टाकू, गोल कापून घेऊ, दिसायलाही वाईट दिसणार नाही. त्यानं अक्षरांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काकू, बाबाच्या नावाचा दगड फोडू का मी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. दगडाचे दोनच अर्धगोल होते, अक्षरं एकावर पसरलेली. कापायला मशीन लावली असती तर तडा नावातूनच गेला असता, हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, नको. राहू दे.

त्यानंतर दोन उन्हाळे झाले. कडुनिंब चिवट असतो, तो लगेच काही बोलत नाही. पहिल्या वर्षी पानं जरा बारीक आली. ती कुणाला दिसणार? पानं मोजायला आणि मापायला पाचोळ्यावालीच पाहिजे. मग शेंड्याच्या काड्यांना पालवी फुटली नाही, वरून आभाळ दिसायला लागलं. साहेब खूष, झाडण्याजोगी पानं कमी झाली. पोतं भिंतीवरून यायचं बंद झालं. मधल्या भिंतीची भेग आता तळहाताएवढी झाली आहे, पण त्यांनी त्यावर वेल चढवलाय, प्लास्टिकचा. मंडळही राहिलं नाही म्हटलं तरी चालेल. शबानाला शिलाईचं काम वाढलंय असं ती म्हणते. मी काही घमेलं उचलू शकत नाही. शनिवारी सकाळी मी विमलकडे जाते, आम्ही दोघी ओट्यावर बसतो. दगड सकाळी नऊलाच तापतो, म्हणून तिनं त्यावर सतरंजी घातली आहे.

आणि या चैत्रात झाड फुललं.

फुललं म्हणजे काय, मी इतक्या वर्षांत त्याला असं पाहिलं नव्हतं. डहाळीडहाळीवर पांढरे तुरे, पान दिसेना. गल्लीच्या तोंडापासून वास येत होता. गोदामांकडे जाणारे ट्रकवालेसुद्धा काच खाली करून जात होते. लोक थांबून फोटो काढायला लागले. ज्या बाईनं मला पुरे झालं म्हटलं होतं ती मोहोर न्यायला आली. धोटेसाहेब फाटकात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमची थिअरी चुकली." ते वाईट बोलत नव्हते. त्यांनाही तो वास आवडला होता.

सरांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. झाडाला आपलं संपत आलंय असं कळलं की ते उरलंसुरलं सगळं फुलात आणि बीत ओतून टाकतं. एवढं ओतलं की पुढच्या पालवीला काही उरत नाही. ज्याला माहीत नाही त्याला तो बहर वाटतो.

त्या शनिवारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो आणि अंगावर बारीक फुलं पडत होती. विमलच्या पांढऱ्या केसांत पडलेली तर दिसतही नव्हती. प्रशांत ऑफिसला निघाला होता, गाडीची किल्ली हातात घेऊन झाडाखाली थांबला आणि वर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिकडे बघवेना.

"पाह्य आई," तो म्हणाला, "काकू उगाच घाबरवत होत्या. बाबाचं झाड कसं मस्त झालं. हौ ना, काकू?"

विमलनं माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं. शेंड्याकडची एक अख्खी फांदी त्या सगळ्या फुलांच्या वर करडी, कोरडी उभी होती.

मी म्हटलं, "हो रे बाबा. चांगलं दिसतंय. काळजी करू नकोस."

तो हसला, गाडी काढली, गेला. गाडीचा आवाज अमरावती रोडच्या आवाजात मिसळला. सतरंजीवरची फुलं हातानं गोळा करून विमलनं ओंजळीत घेतली, हुंगली आणि खाली ठेवायला माती कुठे दिसेना म्हणून तशीच धरून बसली.

"ताई," ती म्हणाली, "वॉर्डात मीबी नातेवाइकाले अशीच सांगत होती."